गोपाळपूरचा काला

दिवेघाट, नीरास्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, वाखरी... आषाढी वारीचे सगळे टप्पे मागे पडले. द्वादशीचं पारणं सुटलं की पंढरपूर भराभर रिकामं होतं आणि एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा उरत नाही. मला हे फार खटकतं. अडीच आठवडे ऊन-पाऊस अंगावर घ्यायचा आणि पौर्णिमेचा काला न घेता गाडीत बसायचं? वारी एकादशीला पोहोचते. ती पुरी होते ती गोपाळपुरात.

एरवी पंढरपूर ते गोपाळपूर हे अंतर अर्ध्या तासाचं, दिंडीतून त्याचे दोन तास होतात. यंदा पावसाची सर येऊन गेली आणि लगेच ऊन तापलं. ओल्या मोज्यात टाच घासली की फोड येणारच. एका दारातल्या मावशींनी न विचारताच पाट पुढे सरकवला, गरम पाण्याचं घमेलं आणलं आणि सुईदोरा काढला. त्यांची रीत नीट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सुई आधी ज्योतीत धरायची. फोड वरून फोडायचा नाही, तळाशी एका बाजूने सुई घालून दुसऱ्या बाजूने काढायची आणि उकळत्या पाण्यातून काढलेला दोरा दोन्ही टोकं बाहेर राहतील असा आत ठेवून कापायचा. पाणी दोऱ्यावाटे झिरपतं. कातडं सोलायचं नाही, सोललं की आतलं कोवळं मांस उघडं पडतं आणि दुसऱ्या दिवशी पाऊल टेकवत नाही. दोरा रात्री काढायचा. आत राहिला तर पू धरतो. "बसा माउली, देव कुठं पळून चाललाय?" एवढंच त्या बोलल्या. पैसे घेतले नाहीत. माझ्या पायांना हात लावून नमस्कार मात्र केला, आणि मला बोलवेना.

पुष्पावती भीमेला मिळते तिथलं हे लहानसं गाव. रुसलेली रुक्मिणी द्वारकेहून दिंडीरवनात, म्हणजे आजच्या पंढरपूरच्या परिसरात, आली आणि तिला शोधत देव आला, गाई-गोपाळांसकट. बायकोची समजूत काढायला एवढा लवाजमा घेऊन कसं जायचं? म्हणून सवंगड्यांना त्याने या टेकडीवर थांबवलं. गोपाळ राहिले ते गोपाळपूर. जवळच नदीपात्रातल्या विष्णुपदाच्या खडकावर देवाची पावलं, गाईची खुरं आणि काल्याची वाटी दाखवतात. उजनीतून पाणी सोडलेलं असलं तर ते दर्शन घडत नाही.

टेकडीवरचं गोपाळकृष्णाचं देऊळ किल्ल्यासारखं तटबंदीचं. आत जनाबाईचं जातं आहे. रेटारेटीत माझा टाळ कुणाच्या तरी कोपराला लागला, त्यांनी मलाच चार शब्द सुनावले, मीही सुनावले.

काला आमच्या दिंडीत असा होतो: जोंधळ्याच्या चार वाट्या लाह्यांना एक वाटी भिजवून निथळलेले पोहे, दीड वाटी घट्ट दही, मिरची, मीठ, लोणच्याचा खार. कांदा नाही, चातुर्मास लागलेला असतो. दही अगदी शेवटी, अभंग संपत आला की घालायचं. दहाएक मिनिटांत लाह्या मऊ पडतात. यंदा कुणीतरी घाईने आधीच ओतलं आणि मिठाने दह्याला पाणी सुटलं. परातीत लापशी झाली. मी चिडलो. काल्याला एवढी साधी शिस्त नको?

तेवढ्यात गजर झाला. मघाशी ज्यांच्या कोपराला टाळ लागला तेच बुवा समोर उभे होते. त्यांनी त्या लापशीचा घास माझ्या तोंडात घातला, मी त्यांच्या. कोण कुठला, कुठल्या जातीचा, विचारायची सोयच नाही. दही कोपरापर्यंत ओघळलं. मला रडू आलं.

मग पालख्या देवाच्या भेटीला पंढरपुरात परतल्या. मावशींच्या दारावरून जाताना मी द्रोणात राखलेला काला त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी आधी माझ्या टाचेकडे पाहिलं आणि मग तो कपाळाला लावला.