तरीही मी करंट खायला का जाते

"इलाज नाही म्हणतेस, मग दर काही वर्षांनी काहून जातेस तो करंट खायला?" लग्नात विचारता, बारशात विचारता. परवा तर धंतोलीत ऑटोतून उतरताना शेजारच्या काकूंनी विचारलं. मला शार्को-मारी-टूथ आहे, हातापायांच्या नसा बिघडवणारा, घराण्यातून येणारा आजार (टूथ म्हणजे दात नव्हे हो, १८८६ सालचा इंग्रज डॉक्टर), आणि करंट म्हणजे त्या नसांची शॉक देऊन केलेली टेस्ट. का जाते, ते थेट सांगते.

नसेतून निरोप किती वेगाने जातो, त्या आकड्यासाठी जात नाही. मनगटावर एक शॉक, कोपरावर एक, मधलं अंतर टेपने मोजायचं आणि दोन्ही वेळांच्या फरकाने भागायचं. निरोगी हाताला सेकंदाला पन्नासेक मीटर येतात. माझे २००८ मध्ये २१ होते, यंदा २०. माझ्या १ए प्रकारात नसेवरचं वेष्टण लहानपणापासूनच बिघडलेलं असतं, वेग जन्मभर जवळपास तेवढाच राहतो. उतरते ती लाट, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी स्नायू किती उसळतो ते. तेव्हा ६ मिलिव्होल्ट, आता ३ च्या आत.

नागपुरी संत्र्याची साल ती केवढी सैल! तरी पहिलं नख रोवायला मला लेक लागते. म्हणजे संत्रंही तेच सांगतं, मशीन कशाला? बरोबर आहे तुमचं. पण उद्या साखर वाढून नस आणखी बिघडली, तर ताडून बघायला जुने आकडे हवेत. आणि खरं सांगू? कागद हातात असला की कुणी आळशी म्हणत नाही.

या कागदापायीच मी एक गोष्ट केली.

लेक सात वर्षांची होती. चालताना तिची चप्पल पायातून निसटायची आणि सासूबाई ओरडायच्या, "लक्ष कुठे असतं हिचं?" डॉक्टर म्हणाले होते, घरातला जीन माहीत आहे, घाई नाही, हवंच तर रक्त तपासू. मी शॉकच्या टेस्टचा हट्ट धरला. रक्ताचा रिपोर्ट सासूबाईंना कळला नसता. वेगाचा आकडा कुणालाही कळतो.

जानेवारी होता. गार हातात वेग उगाच कमी दिसतो, म्हणून टेक्निशियनने तिचे हात गरम पाण्याच्या पिशवीने शेकले. तिला मजा वाटली. मनगटाच्या शॉकने बोटं उडाली, तेव्हा हसलीसुद्धा. कोपराच्या शॉकला रडली. "आई, त्यांना बस म्हण ना." मी म्हटलं नाही. तिचा हात दाबून धरला, अजून दोनदा.

१९ आले.

सासूबाईंनी चष्मा लावून कागद पाहिला, घडी केली, देवाजवळ ठेवला. चप्पल निसटली म्हणून त्या पुन्हा कधी ओरडल्या नाहीत. तेव्हाची मी म्हणते, बघ, बंद झालं ना? आताची मी म्हणते, सासूबाईंशी भांडायचं होतं तर भांडायचं, पोरीचा हात कशाला दाबलास? ती म्हणते, भांडले असते तर ऐकलं असतं? यावर माझ्याकडे उत्तर नाही. रक्ततपासणीत हेच निघालं असतं, हे मात्र दोघींनाही माहीत आहे.

लेकीची टेस्ट पुन्हा केली नाही. माझे पाच रिपोर्ट आहेत, तिचा एकच. परवा शाळेत निघताना तिने बुटाचा पाय माझ्यापुढे केला, "लेस बांध ना." कंटाळा आला होता की जमेना, मी विचारलं नाही. बांधली. फाटकापर्यंत जाईतो सुटली.