९० च्या वेगाला थरथरणारे स्टेअरिंग: हब रिंग बसवेपर्यंतची नोंद

मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे चारही चाकांचे बॅलन्सिंग (रिमवर छोटी वजने लावून असमतोल घालवणे) झाले, अलाइनमेंटही (चाकांचे कोन जुळवणे) झाली, आणि थरथर होती तिथेच राहिली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी २०१८ ची स्विफ्ट आहे, टायर १८५/६५ आर १५ मापाचे आहेत आणि अलॉय व्हील्स कंपनीची नसून आधीच्या मालकाने बाजारातून घेऊन बसवलेली आहेत. किवळ्याहून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला लागल्यावर वेग ८० च्या पुढे गेला की स्टेअरिंग थरथरू लागते, ९० च्या आसपास थरथर सर्वाधिक असते आणि १०० ला, म्हणजे तिथल्या वेगमर्यादेपाशी, ती बरीचशी विरते. शहरात, अगदी रिकाम्या पाषाण रस्त्यावरसुद्धा, गाडीत काही दोष आहे असे कुणी म्हणणार नाही.

ठरावीक वेगाला वाढणे आणि त्यापुढे कमी होणे, हे या तक्रारीचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण आहे. चाकातील असमतोलामुळे निर्माण होणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० चा वेग १०० झाला की ते चौपट होते. मग १०० ला थरथर कमी का व्हावी? कारण चाक, हब (ज्यावर चाक नटांनी बसते तो भाग) आणि सस्पेन्शनचा खालचा भाग यांची मिळून स्वतःची अशी एक कंपनसंख्या असते, बहुतेक गाड्यांत ती सेकंदाला १० ते १५ च्या घरात येते, आणि चाकाचे फेरे त्या संख्येशी जुळले की लहानसा धक्काही मोठा होऊन स्टेअरिंगपर्यंत पोचतो. माझ्या टायरचा एक फेरा साधारण १.९ मीटरचा आहे. ९० चा वेग म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजेच चाकाचे सेकंदाला सुमारे १३ फेरे. हिशेब जुळतो.

अलाइनमेंटबद्दल एक स्पष्टीकरण करणे भाग आहे, कारण आपल्याकडे दुकानाच्या पाटीपासून बिलापर्यंत ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ हा जोडशब्दच झालेला आहे. टो किंवा कॅम्बर (वरून आणि समोरून पाहिल्यास दिसणारा चाकाचा कल) बिघडला तर गाडी एका बाजूला ओढते, टायरची कड झिजते, स्टेअरिंग सरळ रस्त्यावर तिरके राहते. पण त्यामुळे स्टेअरिंग सेकंदाला १३ वेळा थरथरत नाही. वेडीवाकडी झीज होऊन पुढे टायर आवाज करू लागला तर गोष्ट वेगळी. थरथरीवर उपाय म्हणून अलाइनमेंटचे पैसे देण्यात अर्थ नाही.

या खेपेला पाना हातात घेण्याआधी मोजमाप करायचे ठरवले. मोबाइलमधील त्वरणमापक वापरणारे ‘फायफॉक्स’ हे ॲप मोफत मिळते आणि ते कंपनांचा वर्णपटही, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे याचा आलेख, काढून देते. फोन पुढच्या सीटच्या रुळावर चिकटपट्टीने घट्ट बसवला, शेजारी मित्राला नोंदी करायला बसवले, आणि उर्से टोलनाक्याच्या अलीकडच्या सपाट पट्ट्यात डावीकडच्या मार्गिकेतून ८०, ९० आणि १०० अशा स्थिर वेगाने नोंदी घेतल्या. फोन डॅशबोर्डच्या होल्डरमध्ये ठेवू नये, होल्डर स्वतःच हलतो आणि आकडे बिघडवतो.

९० ला आलेखात १३ हर्ट्झपाशी (सेकंदाला १३ कंपने) एक उंच, टोकदार सुळका दिसला. त्याशिवाय साडेपाच हर्ट्झपाशी एक आणि ११ पाशी एक, असे दोन बुटके उंचवटे होते. ते रस्त्याचे असावेत. एक्स्प्रेसवे काँक्रीटचा आहे, अशा रस्त्यांत आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर ठेवण्याची पद्धत आहे, आणि २५ ला ४.५ ने भागले की साडेपाच येतात. ११ म्हणजे त्याची दुप्पट. टायरच्या दुकानात मला ऐकवण्यात आले होते, “साहेब, मशीन झिरो दाखवतंय, आता चाकात काही नाही, रस्ताच तसा आहे.” रस्त्याचा वाटा आहे हे खरे, पण तो आलेखात वेगळा काढून दाखवता येतो, आणि तो मुख्य सुळक्याच्या निम्माही नाही.

याच आलेखावरून बाकीचे संशयितही बाद करता येतात. ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) आतला सांधा झिजला असेल तर त्यातील तीन रोलरांमुळे चाकाच्या फेऱ्यांच्या तिप्पट, म्हणजे ३९ हर्ट्झच्या आसपास, सुळका यायला हवा आणि तो ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढायला हवा. तसे काही नव्हते. रस्ता मोकळा असताना गिअर काढून, इंजिन चालूच ठेवून, गाडी काही क्षण नुसती वाहू दिली. इंजिनाचे फेरे उतरले तरी १३ चा सुळका जागचा हलला नाही. म्हणजे इंजिन आणि त्याचे माउंटिंग संशयातून सुटले. ब्रेक न लावताच थरथर येते, म्हणून ब्रेकची डिस्कही मुख्य आरोपी नाही. बेअरिंगची घरघर वळणावर बदलते, ती इथे नाही, आणि जॅकवर चाक वरखाली हलवून पाहिले तर किंचितही खेळ नाही. उरले फक्त चाक आणि त्याची बैठक.

पुन्हा त्याच दुकानात गेलो आणि या वेळी मशीनपाशी उभे राहून काम करून घेतले. पहिली गोष्ट, बरीच मशीन पाच ग्रॅमच्या आतला फरक शून्य म्हणून दाखवतात, त्यामुळे बारीक आकडा दाखवणारे बटण दाबायला लावावे. दुसरी, रिमच्या आतल्या बाजूला पावसाळ्यातील चिखल वाळून बसलेला असतो, तो आधी खरवडून काढावा. तिसरी आणि सर्वांत उपयोगाची तपासणी अशी: चाक शून्यावर आणल्यावर नट सैल करून ते शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळायचे आणि मशीन चालवायचे. आकडा बदलला तर चाक मशीनच्या कोनवर (चाकाच्या मधल्या भोकात जाणाऱ्या शंकूवर) नीट मध्यावर बसलेले नव्हते आणि लावलेली वजने निरर्थक आहेत. दुकानातील मुलाने सुरुवातीला थोडी कुरकुर केली, मग त्यालाही गंमत वाटू लागली. माझ्या पुढच्या दोन्ही चाकांचा आकडा अर्धा फेरा फिरवूनही दोन-तीन ग्रॅमच्या पुढे गेला नाही. बॅलन्सिंग खरोखरच बरोबर होते, आणि तरीही त्याच संध्याकाळी देहूरोड ओलांडताना स्टेअरिंग पुन्हा थरथरले.

मशीन चाकाला त्याच्या मधल्या भोकातून धरते. गाडीवर चाक कशाने मध्यावर धरले जाते? कंपनीच्या चाकाचे भोक हबच्या कडेवर नेमके बसते. स्विफ्टच्या हबचा तो व्यास ५४.१ मिलिमीटर आहे. बाजारातील अलॉय अनेक गाड्यांना चालावे म्हणून त्याचे भोक मोठे ठेवतात, माझ्या चाकांचे ७३.१ आहे, आणि मधली फट भरण्यासाठी एक रिंग बसवायची असते. चाक उतरवले तेव्हा डाव्या चाकात प्लॅस्टिकची रिंग तडकून अर्धीच उरलेली होती, तर उजव्या चाकात रिंगच नव्हती. चाक मध्यावर आणण्याचे सगळे काम चार शंकूच्या आकाराच्या नटांवर पडले होते, आणि दुकानात चाक अर्धवट जमिनीवर टेकलेले असताना एअर गनने पहिलाच नट पूर्ण आवळला की चाक त्या बाजूला सरकलेलेच राहते. चाक उतरवून परत बसवले की दर वेळी थरथरीचे प्रमाण का बदलते, याचा उलगडा इथे झाला.

संशय आकड्यात मांडण्यासाठी डायल गेज, म्हणजे बारीक सरकणे मोजणारे काट्याचे मापक, लावला. चुंबकाचा पाया पार्किंगच्या फरशीला चिकटणार नाही, म्हणून तो एका जड लोखंडी ठोकळ्यावर बसवला आणि काटा रिमच्या आतल्या कडेवर टेकवला. चाक हाताने सावकाश फिरवले की काटा हळूहळू वर चढतो, क्षणभर थांबतो आणि समोरच्या बाजूला तितकाच उतरतो. डाव्या चाकाचा हा फरक ०.८५ मिलिमीटर भरला. तेच चाक बॅलन्सिंग मशीनवर मोजले होते तेव्हा तो ०.२५ होता. वरचा ०.६ हा बैठकीचा दोष, म्हणजे चाक मध्यापासून सुमारे ०.३ मिलिमीटर सरकलेले. टायरसह चाकाचे वजन १५ किलोच्या आसपास आहे. १५,००० ग्रॅम गुणिले ०.३ म्हणजे ४,५०० ग्रॅम-मिलिमीटर, आणि रिमच्या १९० मिलिमीटर त्रिज्येवर त्याची बरोबरी सुमारे २४ ग्रॅमच्या वजनाशी होते. मशीनवर पाच ग्रॅमसाठी भांडायचे आणि गाडीवर चढवताना २४ ग्रॅम परत द्यायचे, असा हा व्यवहार होता.

तयार रिंग नाना पेठेत मिळतात, पण बऱ्याचशा प्लॅस्टिकच्या असतात आणि घाटात ब्रेक तापल्यावर त्या कितपत टिकतील याची मला खात्री वाटत नाही. म्हणून भोसरीतील एका लेथवर ॲल्युमिनियमच्या चार रिंग करून घेतल्या. कारागिराने पहिला प्रश्न विचारला, “काका, टाइट फिट पाहिजे की स्लायडिंग?” हबवर स्लायडिंग, अलॉयमध्ये किंचित घट्ट, असे ठरले. हबचे माप मात्र आधी तारेच्या ब्रशने गंज काढून मगच व्हर्नियरने घ्यावे, नाहीतर रिंग सैल येते.

बसवताना हब आणि चाकाचा टेकणारा भाग स्वच्छ केला, हबच्या कडेला बोटाने पुसटसे ग्रीस लावले (स्टडच्या आट्यांना अजिबात नाही, त्यामुळे टॉर्कचा, म्हणजे नट आवळण्याच्या जोराचा, हिशेब बिघडतो), आणि चाक हवेत असतानाच नट समोरासमोरच्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळले. शेवटचा टॉर्क गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, टॉर्क पान्याने. डाव्या चाकाचा काटा आता ०.३० दाखवतो, उजव्याचा ०.३५.

त्याच पट्ट्यात पुन्हा नोंद घेतली. ९० ला १३ हर्ट्झचा सुळका पूर्वीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शावर आला आहे, आणि आता आलेखात रस्त्याचे उंचवटे त्याच्या तोडीचे दिसतात. स्टेअरिंगवरची थरथर हाताला कळत नाही. मात्र ती शांत झाल्यावर सीटमधून येणारी एक मंद गुणगुण जाणवू लागली, जी आधी झाकली गेली असावी. स्टेअरिंगमध्ये येते ती बहुधा पुढच्या चाकांची आणि सीटमध्ये येते ती मागच्या चाकांची, या ढोबळ नियमाने मागे वळलो. मागच्या दोन्ही चाकांत उरलेल्या दोन रिंग बसवल्या. मागच्या डाव्या टायरचा परीघ मात्र १.६ मिलिमीटरने वर-खाली होतो, आणि त्याच्या बाजूवरच्या चार आकड्यांनुसार तो २०१८ च्या ३१ व्या आठवड्यातला, म्हणजे गाडीइतकाच जुना आहे. दुकानात तो रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवून घेतला, तेव्हा टायरचा उंच भाग रिमच्या सखल भागावर आला, फरक १.१ वर उतरला आणि बॅलन्सिंगला वजनही कमी लागले. इतक्या जुन्या टायरवर याहून जास्त मेहनत घेणार नाही. तो आणि त्याचा जोडीदार या महिन्यात बदलणार आहे.

नवे टायर आल्यावर सातारा रस्त्यावर, खेड शिवापूरच्या पुढे, डांबरी पृष्ठभागावर नोंद घ्यायची आहे, म्हणजे सांध्यांचे उंचवटे बाजूला होतील. शिवाय घाट उतरताना ब्रेक दाबल्यावर पेडलमध्ये जाणवणारी हलकी धडधड अजून बाकी आहे. तिच्यासाठी डिस्कची जाडी मायक्रोमीटरने परिघावर आठ ठिकाणी मोजणार आहे. ज्यांनी स्विफ्टच्या डिस्क गाडीवरच घासून घेतल्या असतील त्यांनी आधीची आणि नंतरची जाडी कळवावी.