रीमॅपच्या आधी उन्हाचं बोलू

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

"मालक, स्टेज वन मारला तर किती निघंल?" हा प्रश्न मला गॅरेजमध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या गर्दीतही विचारतात. विचारणारा बहुतेक पंचविशीतला. गाडी पोलो जीटी, आय ट्वेंटी एन लाइन, नाहीतर जिवापाड जपलेली बलेनो आरएस. स्टेज वन म्हणजे इंजिनाचा एकही पार्ट न बदलता ईसीयूमधला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला, प्रोग्रॅम बदलायचा (यालाच रीमॅप म्हणतात), टर्बोचं प्रेशर वाढवायचं आणि इग्निशनचं टायमिंग पुढं घ्यायचं, म्हणजे ठिणगी थोडी आधी पाडायची. पोराला ताकदीचा आकडा ऐकायचा असतो. मी उलटा प्रश्न टाकतो: मे महिन्यात दुपारी तीन वाजता, एसी लावून, विजापूर रोडच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडल्यावर तुझ्या गाडीत आत्ता किती ताकद शिल्लक असते, ते माहीत आहे का?

पॉवर कशी वाढवायची या प्रश्नाच्या आधी, सोलापुरात तरी, उष्णता कुठं घालवायची हा प्रश्न सोडवावा लागतो. वेगवान गाडीतली जी जी गोष्ट मला आवडते, तिच्यामागे कुणीतरी उष्णतेचा चोख हिशोब केलेला असतो.

ब्रोशरमधल्या आकड्यापासून सुरू करू. कंपन्या ताकद जाहीर करतात ती हवा २५ अंशांवर आणि कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल धरून. चाचणीच्या दिवशी हवा वेगळी असली तरी सूत्र लावून आकडा त्याच स्थितीवर आणतात. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच, आणि मे महिन्यात पारा ४२-४३ वर. गणित मांडलं तर आपल्या दुपारच्या हवेत तेवढ्याच जागेत आठ-नऊ टक्के ऑक्सिजन कमी मावतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच मापानं उतरते, बोनेटखालची गरम हवा आत ओढली जात असेल तर आणखी. जुन्या होंडा सिटी व्हीटेकवाले सांगतात की जानेवारीच्या पहाटे गाडी वेगळीच पळते. त्यांचं अगदी खरं आहे.

टर्बोवाले म्हणतील, आमचं काय जातंय, टर्बो हवा दाबून भरतोच. भरतो. एक्झॉस्टच्या जोरावर तो छोटासा पंखा मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो आणि विरळ हवेची कसर भरून काढतो. पण हवा दाबली की तापते. ४३ अंशांची हवा घेतली, तिचा दाब दुप्पट केला, आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर ती बाहेर पडते १४० अंशांच्या आसपास. म्हणून मध्ये ही हवा थंड करणारा इंटरकूलर लागतो. बलेनो आरएससारख्या गाडीत तो पुढं वाऱ्यात असतो. फोक्सवॅगनच्या एक लिटर टीएसआय इंजिनात तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमध्येच, बसवलेला असतो आणि पाण्यानं थंड होतो. मला ही दुसरी रचना फार आवडते. टर्बोपासून सिलिंडरपर्यंतचा हवेचा रस्ता आखूड होतो, त्यामुळं पाय दाबला की गाडी लगेच उत्तर देते.

इंटरकूलरला उष्णता काढता आली नाही की नॉकिंग सुरू होतं. ठिणगी पडल्यावर ज्योत सिलिंडरभर नीट पसरायला हवी. मिश्रण आधीच जास्त तापलं असेल तर कडेचा भाग ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटतो आणि दाबाचा झटका पिस्टनवर बसतो. ब्लॉकवरचा नॉक सेन्सर तो झटका ऐकतो आणि ईसीयू टायमिंग मागे घेतो. टायमिंग मागे म्हणजे ताकद कमी, आणि एक्झॉस्ट आणखी गरम. पैसे देऊन वाढवलेलं बूस्ट, म्हणजे टर्बोचं प्रेशर, गाडी दुपारी गुपचूप परत करते, ते असं. सकाळी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, निघालेला आकडा खराच असतो, पण सात रस्त्याच्या सिग्नलला पाच मिनिटं उभं राहिल्यावर तो तुमच्या गाडीत नसतो.

माझ्याकडं गाडी आली की मी लॅपटॉप उघडत नाही, टॉर्च घेतो. बंपरच्या मागे एकापुढे एक जाळ्या असतात: सगळ्यात पुढं एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे रेडिएटर, आणि गाडीप्रमाणे खाली नाहीतर बाजूला इंटरकूलर. कंडेन्सर बाहेरून चकचकीत दिसतो. त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत उजेड टाका. ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत हायवेवर उडणारा भुस्सा, किडे, ट्रकमागची धूळ, सगळं तिथं थर करून बसलेलं असतं. ओलावा लागला की ते चिकटतं आणि उन्हानं वाळून कडक होतं. वॉशिंग सेंटरवाला समोरून जोरात प्रेशर मारतो. त्यानं थर आणखी आत जातो आणि जाळीची नाजूक पाती आडवी होतात. बंपर काढून, कमी दाबाच्या पाण्यानं, इंजिनाकडून बाहेरच्या दिशेनं धुवायचं. कामाला अर्धा दिवस जातो.

दुसरी गोष्ट त्याहून लपलेली. जाळीच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या आणि फोम असतो. समोरून आलेला वारा जाळीतूनच जावा, बाजूनं पळू नये, यासाठी तो असतो. गाडीला कुठंतरी छोटा अपघात झालेला असतो, डेंटिंग-पेंटिंग झालेलं असतं, आणि जोडताना त्या पट्ट्या "किरकोळ" म्हणून तशाच राहिलेल्या असतात. वाऱ्याला मोकळी वाट मिळाली की तो जाळीतून कशाला जाईल? या पट्ट्या बसवल्यावर इनटेकचं तापमान उतरलेलं मी मीटरवर पाहिलं आहे, आणि गाडीच्या मालकाला ते बुडाखाली जाणवलं आहे. रीमॅपच्या खर्चापुढं ही रक्कम काहीच नाही.

कूलंटमध्ये बोअरचं पाणी ओतू नका, एवढंच सांगतो. आपलं पाणी जड आहे, आत क्षार धरतो. आणि रेडिएटर कॅपची स्प्रिंग तपासा. ती दाब धरते म्हणून आतलं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही.

इथं थोडं गावाचं बोलू द्या. स्पोर्टी इंजिनाचा स्वभाव ठरतो कॅमशाफ्टवर, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, आणि कॅमशाफ्ट हे सोलापूरचं काम आहे. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही १९९२ साली इथं उभी राहिलेली कंपनी, जगभरच्या कार कंपन्यांना इथून कॅमशाफ्ट जातात. आपल्या पोरांना परदेशी एक्झॉस्टची नावं पाठ असतात, पण अक्कलकोट रोडवरून जाताना आपण कशाशेजारून जातोय हे ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं. एकदा कॅमशाफ्ट हातात घेऊन बघा. दांड्यावरचा अंड्याच्या आकाराचा प्रत्येक लोब एकेक व्हॉल्व्ह दाबतो. इंजिन ६००० आरपीएमवर (मिनिटाला ६००० फेऱ्यांवर) असताना कॅम त्याच्या निम्म्यानं, ३०००नं फिरतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. लोबचं नाक किती उंच, बाजूचा उतार किती तीव्र, यावरून ठरतं की इंजिन खालच्या आरपीएमला ओढेल की वर जाऊन गाईल. होंडानं १९८९ मध्ये इंटिग्रामध्ये दोन्ही स्वभाव एकाच कॅमशाफ्टवर बसवले. कमी वेगाला सौम्य लोब, वर गेलं की उंच लोब. १.६ लिटरमधून टर्बोशिवाय १६० पीएस (जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर) काढले, तेही रोज ऑफिसला नेता येईल अशा गाडीत.

आणि इथंही उष्णताच आहे. चिल्ड कास्ट आयर्नचा कॅमशाफ्ट ओतताना साच्यात लोबच्या जागी धातूचे तुकडे बसवतात. ते वितळलेल्या लोखंडातली उष्णता झटकन ओढून घेतात. पृष्ठभाग झपाट्यानं थिजतो आणि पांढऱ्या, अतिशय कठीण लोखंडाचा होतो. आतला गाभा हळू थंड झाल्यामुळं करडा आणि थोडा सोसणारा राहतो. एकाच ओतीव दांड्यात दोन प्रकारचं लोखंड, केवळ उष्णता कुठून किती लवकर काढली यावर.

आता ब्रेक. यावर मी जरा कडक आहे. माणसं धरून १२०० किलोची गाडी १२० च्या वेगात असेल तर तिच्यातली ऊर्जा साधारण ६६७ किलोज्यूल भरते. ६० च्या वेगात हाच आकडा १६७. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. एकदा कचकचून थांबलात की ही जवळपास सगळी ऊर्जा डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन येते. घरात दोन लिटर पाणी गॅसवर ठेवून उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, तेवढी काही सेकंदांत. तुळजापूरचा घाट उतरताना हे वळणावळणाला होत राहतं. गाडी जपणाऱ्याचंही एका गोष्टीकडं दुर्लक्ष होतं, ती म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट फोर दर्जाचं ऑइल नवीन असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरलेली चालते, असं मानकच सांगतं. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जातं. दोन वर्षांनी ते बदलायचं. चार वर्षांचं ब्रेक ऑइल असलेल्या गाडीची ताकद मी वाढवत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

टायरचं तसंच. चारही टायर मिळून रस्त्याला चार तळहातांएवढी जागा धरतात. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, सगळ्यांचं काम शेवटी त्या जागेतून होतं. हवा सकाळी टायर थंड असताना भरा. टायर आतून १० अंश तापला की दाब साधारण दीड पीएसआय चढतो, आणि आपल्याकडं दुपारचा डांबरी रस्ता पाय ठेवू देत नाही. टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्काही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी उन्हात वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं रबर कडक होतं, आणि कडक रबर वळणावर धरत नाही. शोभेसाठी १५ चे १७ इंची अलॉय टाकायची हौस मला पटत नाही. चाक जड होतं, सस्पेन्शनला ते सांभाळावं लागतं, आणि खड्ड्यात रिम वाकते.

उष्णता सगळीकडून एकदम कमी करणारा बदल एकच, वजन उतरवणं. हलकी गाडी इंजिनाला कमी राबवते, ब्रेकला कमी तापवते, टायर कमी घासते. २०१७ साली आलेली बलेनो आरएस ९५० किलोची होती, ताकद १०२ पीएस, मागेसुद्धा डिस्क ब्रेक. कागदावर तिच्यापेक्षा मोठे आकडे पुष्कळ गाड्यांचे आहेत, पण वळणावर ती ज्या आनंदानं दिशा बदलते तो मला अजून मोह घालतो. डिकीतला सबवूफर आधी काढा.

पेट्रोलचं पण विचारतात. त्यात मिसळलेलं इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसातून निघतं, म्हणून लोकांना जिव्हाळाही आहे आणि रागही. मायलेज उतरतं, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. पण त्याचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग टाळायची क्षमता, पेट्रोलहून जास्त, आणि वाफ होताना ते कितीतरी जास्त उष्णता शोषून घेतं, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण थंड करतं. त्यासाठी नीट ट्यून केलेल्या टर्बो इंजिनाला हा गुण उपयोगी आहे. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील मात्र तपासून घ्या.

गिअरबॉक्सची मर्यादाही आधी बघा. जुन्या १.२ लिटर पोलो जीटीची ७ गिअरची कोरड्या क्लचची डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन मीटर टॉर्कपर्यंतसाठी, म्हणजे फिरवायच्या तेवढ्या जोरासाठी, बनलेली आहे. गाडीचा मूळ टॉर्क १७५. मधली जागा मोठी दिसते, पण ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकताना तो क्लच घसरत राहतो आणि तापतो, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं.

कायद्याचंही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांबद्दल आहे, आणि विमा कंपनी क्लेमच्या वेळी ते काढते. हैदराबाद रोड रिकामा दिसला तरी तिथं ट्रॅक्टर उलट बाजूनं येतो, रात्री ट्रॉलीला लाइट नसतो. गाडी खरोखर पळवायची असेल तर कोइम्बतूरचा कारी ट्रॅक आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा आहे. चार मित्र मिळून जा. तिथं सलग पाच फेऱ्या मारल्या की कळतं कुठली गाडी पहिल्या फेरीपुरती आहे आणि कुठली पाचव्या फेरीतही तशीच ब्रेक लावते.

तर रीमॅपचं विचारायला येणाऱ्यांनी एवढं करून या. गाडीच्या ओबीडी सॉकेटला (बिघाड तपासायच्या प्लगला) छोटा डोंगल लावा आणि फोनवर इनटेक हवेचं तापमान, कूलंटचं तापमान आणि टायमिंग, असे तीन आकडे दिसतील असं अ‍ॅप घ्या. दुपारी, एसी लावून, नेहमीच्या रस्त्यानं गाडी चालवा. शेजारी मित्राला बसवून रेकॉर्ड करायला सांगा, चालवताना फोनकडं बघू नका. मग जाळ्या धुवा, पट्ट्या बसवा, ब्रेक ऑइल बदला आणि त्याच वेळी, त्याच रस्त्यानं पुन्हा रेकॉर्ड करा. दोन्ही फाइली घेऊन गॅरेजला या. दुसऱ्या फाइलीत टायमिंग दुपारीही टिकलेलं दिसलं, तर स्टेज वनचं मी स्वतः बसून बोलेन.