मायनर म्हणजे किरकोळ नव्हे, मावशी

सिनेमाच्या परीक्षेतला चौथा प्रश्न असा होता: ‘प्रेक्षक पहिल्यांदा कुठे हसले? तेव्हा तुम्हाला हसू आलं का?’

मी गारच पडले, कारण मी प्रेक्षकांत नव्हतेच. त्या मंगळवारी प्रोग्रॅमिंगची लॅब लांबली, म्हणून तो मूकपट मी खोलीवर पांघरुणात बसून लॅपटॉपवर दीडपट वेगाने उरकला होता. मी स्वतः कुठे हसले तेही आठवेना. दिलं काहीतरी ठोकून. बाईंनी शेजारी लिहिलं, ‘तिथे कोणीच हसलं नव्हतं.’

इथे ओहायोत माझा मुख्य विषय कॉम्प्युटर सायन्स, आणि सिनेमा मायनर, म्हणजे जोडविषय. नव्या शैक्षणिक धोरणापासून हे शब्द आपल्याकडेही घरोघर पोचलेत, तरी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मावशीने ‘मायनर म्हणजे किरकोळ ना गं?’ असं विचारून चार लोकांत माझी विकेट काढलीच. किरकोळ नाही, मावशी. सहा कोर्स करावे लागतात, आणि एकाच विभागाचे दोनांहून जास्त चालत नाहीत. म्हणून माहितीपट मानववंशशास्त्रवाल्यांकडे, सिनेमातला आवाज संगीतवाल्यांकडे, आणि फिल्म धुण्याचं रसायन थेट केमिस्ट्रीत. (वेगळी फी नाही, त्याच फीत बसतं, हे बाबांना तीनदा सांगून झालंय.)

खरा छळ मंगळवारचा. तास दिवसा होतातच, वर संध्याकाळी सातला स्क्रीनिंग. बाहेर बर्फ पडो नाहीतर काही होवो, हजेरी सक्तीची. फोन बंद, लॅपटॉप बंद, खाणं बंद. अंधारात वहीवर, शॉट बदलला की एक रेघ मारायची. खोलीवर येऊन बघावं तर रेघा एकमेकींवर चढलेल्या. सिनेमा नेटवर फुकट असताना ही पायपीट कशाला, असे मी तीन मेल पाठवले. तिन्हींना बाईंचं उत्तर एकच: सातला या.

मनात म्हटलं, चार लोकांत बसून बघायचं कसं, हे बडोद्याच्या मुलीला आता ओहायोत शिकायचंय? आमचे आजोबा गांधी नगरगृहातून नाटक बघून आले की कुठल्या वाक्याला टाळी पडली आणि कुठली टाळी नटाने मागून घेतली, हे हातवारे करून सांगायचे. त्यांना कोणी मार्क दिले नाहीत. इथली पोरं तर हसायच्या आधी इकडेतिकडे बघून घेतात. पण खरं सांगायचं तर मी स्वतः फोनला हात न लावता शेवटचं नाटक कधी पाहिलं? त्यामुळे हा मुद्दा चौथ्या मेलमध्ये घातला नाही. पुढच्या मंगळवारी गेले. शेजारचा मुलगा आधी हसला, त्याचं बघून मी हसले, आणि मग मागची अख्खी रांग. वहीत वेळ लिहून ठेवली.

तेवढ्यात दुसरी ठिणगी पडली. सिनेमाच्या इतिहासाच्या कोर्समध्ये दोन आठवडे फ्रान्सच चाललं होतं. ल्यूमिएर बंधूंचा 28 डिसेंबर 1895 चा पॅरिसचा सिनेमाचा खेळ मला झोपेतही सांगता येईल. भारत आला तो एका स्लाइडवर: 1913, फाळके, ‘राजा हरिश्चंद्र’. संपलं. त्याच ल्यूमिएरांची चित्रं 7 जुलै 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली होती, त्याचं नावसुद्धा नाही. माझं डोकं फिरलं. हात वर केला, जरा जास्तच बोलले. सर शांतपणे म्हणाले, ‘मग पुढच्या तासाला दहा मिनिटं तूच बोल.’

आता आली का पंचाईत! वाचायला बसले, आणि कळलं की फाळके जे. जे.नंतर आपल्या बडोद्यात, सयाजीरावांच्या कलाभवनात शिकले. चित्रकला, फोटोग्राफी. पुढे गोध्र्याला फोटोचा धंदा, मग पुरातत्त्व खात्यात नकाशे काढण्याचं काम, लोणावळ्याकडे छापखाना, मधूनमधून जादूचे प्रयोग. वाटाण्याचं रोप वाढताना रोज थोडं थोडं टिपून त्याची फिल्म केली. घरात सरस्वतीबाई कोऱ्या फिल्मला भोकं पाडायच्या, फिल्म धुवायच्या. हे सगळं कुठल्या एका विभागात बसवणार? त्यापेक्षा माझ्या मायनरच्या फॉर्मवरच्या विभागाविभागांच्या सह्या तरी बऱ्या.

आणि कलाभवन म्हणजे माझे बाबा जिथे शिकले ते टेक्नॉलॉजी कॉलेज! शाळेच्या रिक्षातून मी रोज त्याच्यासमोरून गेलेय. घरात त्या जागेबद्दल काय ऐकलं, तर बाबांची एटीकेटी.

दहा मिनिटांची पंचवीस केली. फळ्यावर ‘बडोदा’ देवनागरीत लिहिलं. टाळ्या पडल्या, आणि त्या मी मागून घेतलेल्या नव्हत्या.

डिसेंबरच्या सुट्टीत घरी आले, तेव्हा कमाटीबागेतला फेरा आटोपून बाबा मला मुद्दाम कलाभवनाकडे घेऊन गेले. फाटकाशी उभं राहून मी माझी पंचवीस मिनिटं त्यांना पुन्हा ऐकवली, शेवटी ‘आता बोला, किरकोळ आहे का?’ हेही जोडलं. बाबा काही बोलले नाहीत. नंतर सेव-उसळ खायला बसलो, तेव्हा पाव मोडता मोडता म्हणाले, ‘फाळक्यांचं शेवटी काय झालं, ते सांगितलंस का वर्गात?’

1944 साली नाशिकला वारले. पैशाची ओढाताण, आणि लोक विसरलेले. नव्हतं सांगितलं.

‘वेळ कुठे होता?’ मी म्हणाले.

बाबांनी माझ्यासाठी वाटीभर तरी आणखी मागवली.