नॉलेज पोर्टल शॉपफ्लोअरवर उतरवताना

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात मेंटेनन्सचं ज्ञान असायचं जुन्या फिटरांच्या डोक्यात, त्यांच्या खिशातल्या डायरीत, नाहीतर शिफ्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ग्रुपवर टाकलेला स्पिंडल अलार्मचा, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्यातल्या बिघाडाच्या इशाऱ्याचा, फोटो सकाळपर्यंत 'शुभ प्रभात'खाली गाडला जायचा. मग कंपनीनं विकीसारखं एक पोर्टल घेतलं आणि ते चालतं करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

ट्रेनिंग झालं, समोसे संपले, पोर्टल ओसाड. एचआरनं केआरएमध्ये, म्हणजे कामाच्या ठरवून दिलेल्या उद्दिष्टांत, अट घातली: महिन्याला दोन लेख. आले की! 'मशीन स्वच्छ ठेवावे', 'कूलंट तपासावे'. रात्री दोनला मशीनचं हत्यार बदलणारा टूल चेंजर अर्ध्यात अडकला की हे वाचून काय करायचं?

अण्णा आमचे सगळ्यांत मुरलेले फिटर. ते सरळ म्हणाले, "साहेब, सगळं लिहून दिल्यावर मला कोण विचारणार?" रात्रीच्या फोनवर ते वैतागायचे, पण त्या फोनातच त्यांचं वजन होतं. शिवाय शेजारी कमी पगाराची कंत्राटी पोरं उभी. याला आळस कसं म्हणायचं? हिशेब अगदी चोख होता. संगणक-संशोधक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्येच लिहून ठेवलंय की अशी सॉफ्टवेअर फसतात, कारण राबतो एक आणि फायदा होतो दुसऱ्याला.

रस्ता सापडला तो झेरॉक्स कंपनीच्या 'युरेका' या प्रणालीत. कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी १९९०च्या दशकात फ्रान्समध्ये ती सुरू झाली. युक्त्या तंत्रज्ञच लिहीत, त्यांचेच सहकारी तपासत, आणि नोंदीवर लिहिणाऱ्याचं नाव राही.

केआरएची अट काढून घ्यायला साहेबलोकांशी बरीच हुज्जत घातली. फॉर्ममध्ये फक्त मशीन, अलार्म नंबर आणि काय केलं एवढंच ठेवलं. अण्णा मराठीत बोलायचे, अप्रेंटिस टाइप करायचा, वर अण्णांचं नाव. बेअरिंगचा आवाज शब्दांत मांडता येईना, तेव्हा तो मोबाइलवर रेकॉर्ड करून जोडला. मशीनवर क्यूआर कोड चिकटवले, म्हणजे तिसऱ्या शिफ्टमधल्या पोराला ऑफिसचा कॉम्प्युटर शोधायला नको.

आता अण्णा दुसऱ्यांच्या नोंदी तपासतात, आणि चुका काढताना त्यांना भलताच आनंद होतो. फोन अजून येतात, पण "तुमची नोंद वाचली, तरी अलार्म जात नाही" असे. टूलरूमनं, म्हणजे हत्यारं-साचे बनवणाऱ्या विभागानं, मात्र अजून एक ओळ लिहिलेली नाही. तिथे पगारवाढीचा करार अडकलाय. तो होईस्तोवर मीही विषय काढत नाही.