भाडं 18,000, जीएसटी कोणाच्या खिशातून?

म्हापशातला आमचा फ्लॅट परवा भाड्याने दिला, महिना 18,000. भाडेकरूचं बाजारात काजूचं दुकान, जीएसटी नंबरवाला माणूस. अ‍ॅग्रीमेंटवर सही करताना पेन हातात धरूनच थांबला, "काका, वर 18 टक्के लावणार नाही ना?" म्हटलं बाबा, मी कुठला लावतो, माझा नंबरच नाही!

तर गंमत अशी की 18 जुलै 2022 पासून भाडेकरू रजिस्टर्ड असेल तर राहत्या घराच्या भाड्यावरही 18 टक्के लागतो आणि तो भाडेकरूनेच सरकारला भरायचा, रिव्हर्स चार्ज म्हणतात त्याला, म्हणजे एखाद्या कंपनीने स्टाफसाठी हाच फ्लॅट घेतला असता तर महिन्याला 3,240 तिच्या माथी. पण हा बायकापोरांसकट स्वतः राहणार, भाडं दुकानाच्या हिशोबात धरणार नाही, अशा प्रोप्रायटरला, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा असलेल्याला, 1 जानेवारी 2023 पासून माफी आहे. मग काय, अ‍ॅग्रीमेंटवरचं दुकानाचं नाव खोडलं, त्याचं स्वतःचं घातलं. नोकरीवाला भाडेकरू असता तर हा घोळच नव्हता.

कळंगुटला टुरिस्टना दिवसावर खोल्या देणाऱ्यांनी मात्र एवढ्यात खूश होऊ नये, ते राहतं घर धरत नाहीत, तिथे वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की नंबर घ्यावाच लागतो.