जुन्या शेड्युलिंग स्क्रिप्टचा शेवटचा आकडा

रोजनिशी, रात्री उशिरा

आजचं पान जुन्या शेड्युलिंग स्क्रिप्टांसाठी. डेटा इंटिग्रेशनचं (ठिकठिकाणचा डेटा एकत्र आणून भरण्याचं) टूल कुठलंही असो, रात्रीचा लोड (डेटा भरण्याचं काम) सोडायला कधीकाळी कुणीतरी लिहिलेली शेल स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) बहुतेक सर्व्हरवर सापडतेच. ती फेकून नवी लिहावी, असं वाटणं साहजिक आहे. पण माझं मत जुनी वापरण्याकडे झुकतं. कुठल्या फाइलची वाट बघायची, कुठलं टेबल आधी भरायचं, हे बऱ्याचदा फक्त तिथेच लिहिलेलं असतं. वेळ बदलणं हे एका ओळीचं काम आहे. तपासायचं ते हे: काम संपल्यावर स्क्रिप्ट कोणता एक्झिट कोड (काम कसं संपलं ते सांगणारा आकडा) देते आणि तो कुणी वाचतं का.

आधी शोध. एका युजरचा क्रॉनटॅब (ठरल्या वेळी कामं सोडणाऱ्या क्रॉन प्रोग्रामची यादी) बघून थांबू नये. रूटने (सर्वाधिकार असलेल्या युजरने) प्रत्येक युजरचा बघावा, मग ईटीसीखालचं क्रॉन-डी फोल्डर, सिस्टमडीचे टायमर (बंद असलेलेही) आणि ॲट कमांडची रांग. विंडोजवर टास्क शेड्युलरची तपशीलवार यादी काढली की शेवटच्या रनचा निकालही दिसतो. एवढं झालं तरी टूलच्या आतलं वेळापत्रक उरतंच. पेंटाहो डेटा इंटिग्रेशन या टूलच्या (जुनं नाव केटल) जॉबमध्ये स्टार्ट एंट्रीला रिपीट लावलेलं असेल, तर तो जॉब संपतच नाही. त्यालाच क्रॉननेही रोज सोडलं, तर दररोज एक नवी जावा प्रोसेस साचत जाते आणि एकच डेटा दोनदा, तीनदा भरला जातो.

आता तो शेवटचा आकडा, म्हणजे एक्झिट कोड. युनिक्समध्ये 0 म्हणजे यश, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. पण डेटास्टेज या टूलची डीएसजॉब कमांड जॉबस्टेटस पर्यायासह चालवली, की 1 म्हणजे व्यवस्थित पूर्ण, 2 म्हणजे वॉर्निंगसह पूर्ण आणि 3 म्हणजे जॉब पडला. ‘शून्य नाही म्हणजे चूक’ अशी अट असलेली स्क्रिप्ट इथे चांगल्या रात्रीही अलार्म वाजवते. मग कुणीतरी वैतागून ती अट काढून टाकतं आणि त्यानंतर 3 आला तरी कुणाला कळत नाही. इन्फर्मॅटिका या टूलच्या पीएमसीएमडी कमांडची गत वेगळी. वर्कफ्लो (कामांची साखळी) सुरू करताना वेट पर्याय दिला नाही, तर विनंती पोचल्याबरोबर ती 0 देऊन मोकळी होते. वर्कफ्लो दहा मिनिटांनी पडला तरी स्क्रिप्टच्या लेखी सगळं छान.

पेंटाहोच्या किचनमध्ये (जॉब चालवणाऱ्या कमांडमध्ये) 0 यश, 1 चालताना चूक, 7 म्हणजे जॉब उघडताच आला नाही. यातली खोच जॉबच्या आराखड्यात असते. चूक झाली की लाल बाण मेल एंट्रीकडे जातो, मेल व्यवस्थित जातो, आणि शेवटची एंट्री यशस्वी म्हणून अख्खा जॉबच यशस्वी धरला जाऊ शकतो. मेलनंतर ॲबॉर्ट जॉबची एंट्री जोडली की प्रश्न मिटतो. आणि हो, कमांडचं आउटपुट पाइपने टी कमांडकडे (ती ते पडद्यावर दाखवते आणि फाइलमध्येही लिहिते) वळवलं असेल, तर एरवी हाती येतो तो टीचा एक्झिट कोड. बॅश शेलमध्ये त्यासाठी पाइपफेल हा पर्याय चालू करावा.

हाताने चालवली की चालते, क्रॉनमधून पडते, या तक्रारीमागे बहुधा वातावरण (स्क्रिप्टला मिळणारी सेटिंग्ज) असतं. क्रॉन लॉगिनची प्रोफाइल वाचत नाही, पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो, जावा किंवा डेटाबेस क्लायंट सापडत नाही. केटलचे व्हेरिएबल ज्या फाइलमध्ये असतात ती सहसा युजरच्या होम फोल्डरखाली असते. युजर बदलला की ती मिळत नाही आणि व्हेरिएबलचं नाव डॉलर-महिरपी कंसासकट तसंच फाइलच्या पत्त्यात उतरतं. स्क्रिप्ट एन्व्ह कमांडने रिकाम्या वातावरणात चालवून बघितली, की हे दिवसाउजेडी कळतं. विंडोजवर एडिट होऊन आलेली फाइल असेल तर ओळीअखेरचं कॅरेज रिटर्न हे अदृश्य चिन्ह काढून टाकावं.

क्रॉनच्या ओळीतही एक जुनी खोड आहे. महिन्याचा पहिला सोमवार हवा म्हणून तारखेत 1-7 आणि वारात 1 लिहिलं, तर काम पहिले सातही दिवस चालतं आणि शिवाय दर सोमवारी. दोन्ही रकाने भरले की क्रॉन त्यांना ‘किंवा’ने जोडतो. तारीख 1-7 ठेवून वाराची तपासणी कमांडमध्ये करावी. तिथे % चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ हवीच, नाहीतर क्रॉन त्याला ओळीचा शेवट समजतो.

दोन रन एकदम होऊ नयेत म्हणून लॉक फाइल बनवून शेवटी पुसणारी स्क्रिप्ट असेल, तर तेवढा भाग बदलावा. प्रोसेस मध्येच मारली गेली की फाइल मागे राहते आणि पुढचा प्रत्येक रन दारातूनच परत फिरतो. त्याऐवजी एफलॉक कमांड वापरली, तर तिचं कुलूप प्रोसेस संपली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) स्वतःच सोडतो. मात्र स्क्रिप्टने बॅकग्राउंडला सोडलेली प्रोसेस जिवंत असेल, तर ते कुलूप तिच्याकडेच राहतं.

चालू करण्याआधी टेस्ट सर्व्हरवर दोन रन मुद्दाम पाडायचे: एकदा कनेक्शनचा पासवर्ड चुकीचा देऊन, एकदा टेबलचं नाव बदलून. दोन्ही वेळा स्क्रिप्टचा एक्झिट कोड लॉगमध्ये लिहून घ्यायचा आणि अलर्ट खरंच येतो का ते बघायचं. पडलेला डेटास्टेज जॉब पुन्हा सोडण्याआधी रीसेट करायला विसरायचं नाही.